एक्सेल शीट 'प्रोटेक्ट' केली म्हणजे माहिती सुरक्षित झाली?

महिनाअखेरचा अहवाल तयार होतो, 'प्रोटेक्ट शीट'वर क्लिक करून पासवर्ड टाकला जातो आणि फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर जाते. पाठवणारा निश्चिंत होतो. पण हे कुलूप नेमके कशाला लागते, हे ठाऊक नसेल तर ही निश्चिंती महागात पडू शकते.

प्रोटेक्शन काय करते?

एक्सेलमधला प्रत्येक सेल मुळातच 'लॉक्ड' असतो, पण शीट प्रोटेक्ट करेपर्यंत त्याचा परिणाम दिसत नाही. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. इतरांनी आकडे भरायचे ते सेल निवडा, 'फॉरमॅट सेल्स'मधील 'प्रोटेक्शन'मध्ये 'लॉक्ड'वरची खूण काढा आणि मगच रिव्ह्यू टॅबमधून शीट प्रोटेक्ट करा. आकडे भरता येतात, फॉर्म्युल्यांना धक्का लागत नाही. ही पहिली पायरी राहिली, तर कोणालाच काही भरता येत नाही. फिल्टर वापरू द्यायचा असेल तर तो आधी लावा आणि परवानग्यांच्या यादीत 'यूज ऑटोफिल्टर' निवडा.

मग कुलूप कच्चे कसे?

शीट प्रोटेक्शनमुळे माहिती एन्क्रिप्ट होत नाही. एक्सएलएसएक्स फाइल ही प्रत्यक्षात अनेक छोट्या फाइलींची झिप असते आणि शीटचे प्रोटेक्शन ही त्यातली एक नोंद. ती काढली की पासवर्डशिवाय शीट मोकळी होते. शीट प्रोटेक्शन हे सुरक्षेचे साधन नाही, असे मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगते. फाइल उघडू शकणारा प्रत्येक जण त्यातली माहिती वाचू शकतो.

लपवलेली शीट किती महागात पडते?

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर म्हणून एक स्प्रेडशीट दिली. तिच्यात एक लपलेली शीट राहून गेली होती. ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, हुद्दे आणि नेमणुका उघड झाल्या. जिथे पोलिसांच्या जिवाला दहशतवाद्यांचा धोका आहे, तिथे ही केवळ कारकुनी चूक उरत नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने साडेसात लाख पौंडांचा दंड ठोठावला. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

काय करावे?

- फॉर्म्युले बिघडू नयेत म्हणून: शीट प्रोटेक्शन पुरेसे आहे.
- शीट काढल्या किंवा हलवल्या जाऊ नयेत म्हणून: 'प्रोटेक्ट वर्कबुक' वापरा.
- माहिती गुप्त ठेवायची असेल तर: फाइल > इन्फो > प्रोटेक्ट वर्कबुक > 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. हा पासवर्ड विसरलात तर मायक्रोसॉफ्टही तो परत मिळवून देत नाही. फाइल ज्या ग्रुपवर टाकली, तिथेच पासवर्ड टाकू नका.
- बाहेर पाठवण्यापूर्वी: 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवा. लपलेल्या शीट, ओळी आणि रकाने समोर येतात.

पगार, आधार क्रमांक, आजारपणाच्या नोंदी अशा फाइली रोज हातोहात फिरतात. त्यांची जबाबदारी टायपिंग करणाऱ्या एकट्या कर्मचाऱ्यावर ढकलून चालणार नाही. काय पाठवायचे आणि कोणत्या स्वरूपात, हा नियम कार्यालयानेच घालून द्यायला हवा. समोरच्याने पाहू नये अशी माहिती लपवू नका, ती पाठवायच्या फाइलमधून काढूनच टाका.