सहा डिसेंबरची रजा

१४ एप्रिल २०१७ रोजी लखनौमध्ये आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात मुख्यमंत्री योगी आदित्यनाथ म्हणाले, महापुरुषांच्या नावाने शाळा बंद ठेवू नयेत. त्याच महिन्यात उत्तर प्रदेशच्या मंत्रिमंडळाने १५ सार्वजनिक सुट्ट्या रद्द केल्या. त्यांत ६ डिसेंबरही गेला. मुलांचे शिकण्याचे दिवस वाचावेत, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता.

पण सुट्टी सगळ्यांना असते. रजा एकट्याने मागावी लागते. मी याच शहरात संशोधन करते. घरातली पहिली नोकरी करणाऱ्या, ऑफिसात आडनावाचा विषय टाळणाऱ्या माणसाने ६ डिसेंबरच्या अर्जात खरे कारण लिहायचे म्हणजे जात सांगायचीच. मग तो ‘घरगुती काम’ लिहितो.

केंद्राच्या १९७२च्या रजा नियमांतला सातवा नियम सांगतो, की रजा हक्क म्हणून मागता येत नाही. लोकसेवेच्या निकडीसाठी ती नाकारता येते, मंजूर झालेली रद्दही करता येते. महाराष्ट्राचे १९८१चे नियमही याच वळणाचे. आणि निकड ठरवणार साहेब!

२०२३ साली मध्य प्रदेशात उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांनी बैतूल जिल्ह्यात आमल्याला बांधलेल्या स्वतःच्या घराच्या उद्घाटनासाठी रजा मागितली. तिथे बुद्धांच्या अस्थींचे दर्शनही होते. रजा नाकारली, असे सांगत त्यांनी २२ जूनला राजीनामा दिला. तोही ऑक्टोबरपर्यंत मंजूर होईना. पुढे त्या राजकारणात गेल्या, तो वेगळा विषय. उपजिल्हाधिकाऱ्याची ही गत, तर कंत्राटी डेटा एन्ट्री ऑपरेटरने कुणाकडे जायचे?

कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने अधिक दिले होते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, १९४५ साली, कारखाना कायद्यात पगारी रजा आली. १९४८च्या कायद्याने तर रीतसर मागूनही न मिळालेली रजा बुडणार नाही, पुढे कितीही साठेल, असे लिहिले. सरकारी कचेरीतल्या आपल्या पोरांना हे माहीतच नसते.

तेव्हा ‘जा, नंतर बघू’ या तोंडी मंजुरीवर गावची गाडी पकडू नका. अर्ज आवक-जावकला द्या, पोच घ्या. मंजूर रजा रद्द केली तर आदेश लेखी मागा. त्याच सातव्या नियमात आणखी एक ओळ आहे, ती साहेब सहसा वाचून दाखवत नाहीत: शिल्लक असलेली आणि मागितलेली रजा कोणत्या प्रकारची, हे तुमच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येत नाही. अर्जित रजेच्या अर्जावर परस्पर ‘विनावेतन’ असा शेरा आला, तर हाच नियम दाखवून लेखी हरकत घ्या.