कुत्र्याला कसलं आलंय टेन्शन?

कोल्हापुरात कुत्रा पाळणं ऐटीचं काम आहे. एप्रिलच्या उन्हात हस्कीला रंकाळ्यावर फिरवणारे महाभाग मी बघितलेत. मुधोळहून कारवानी आणून त्याच्या छातीचं माप सांगत बसणारेही बघितलेत. पण "आमचं कुत्रं भितंय" हे वाक्य चारचौघांत म्हणून बघा. लगेच उत्तर येतं, "तुम्हीच लाडावून ठेवलंय त्याला. कुत्र्याला कसलं आलंय टेन्शन?"

या प्रश्नाचा मला राग आहे, कारण तो प्रश्नच नाही. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. कुत्र्याच्या वागण्याला आपल्याकडे शब्द ठरलेले आहेत: माज, खोड, मस्ती, भित्रट. या चार डब्यांत सगळं बसवलं की पाचव्याची गरज उरत नाही, आणि पाचव्या डब्यावर 'आजार' असं लिहिलेलं असतं.

भीती ओळखायला पदवी लागत नाही. ऊन नसताना धापा टाकणं, झोप आलेली नसताना पुन्हा पुन्हा जांभया देणं, समोर खाणं नसताना ओठ चाटणं, कान मागे, शेपूट पोटाशी, डोळ्यांच्या कडेला दिसणारा पांढरा भाग, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नुसत्याच येरझाऱ्या. कितीतरी लोक यातली जांभई 'क्यूट' म्हणून रीलवर टाकतात.

हे लाडावलेल्या चार कुत्र्यांचं खूळ आहे असंही नाही. 2020 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी तेरा हजारांहून जास्त पाळीव कुत्र्यांची माहिती तपासली. 72 टक्क्यांहून अधिक कुत्र्यांत भीती किंवा चिंतेशी जोडलेलं काही ना काही वर्तन होतं, आणि सगळ्यांत जास्त आढळली ती आवाजाची भीती, सुमारे एकतृतीयांश कुत्र्यांत. तीही फिनलंडमध्ये, जिथे डॉल्बी लावून मिरवणूक निघत नाही.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक लॅब्राडोर होता. लॉकडाऊनमध्ये आणलेला. वर्षभर घरात चोवीस तास माणसं, मग अचानक सगळ्यांची ऑफिसं सुरू झाली. एकटा राहिला की तो दाराची चौकट कुरतडायचा, ओरडायचा, आतच लघवी करायचा. मालक संध्याकाळी येऊन त्याला गुंडाळलेल्या पेपरने बडवायचे आणि म्हणायचे, "बघा, चेहरा कसा करतोय. चूक कळतेय त्याला." कळत नाही हो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी 2009 मध्येच दाखवून दिलं की तो 'अपराधी चेहरा' मालकाच्या रागावण्यामुळे येतो. कुत्र्याने काही केलंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणजे दिवसभर एकटेपणाची भीती, आणि ज्याची वाट बघितली तोच आला की मार. शेवटी त्याला 'मळ्यावर सोडलं'. हा आपल्याकडचा फार सभ्य शब्दप्रयोग आहे. मळा कुणाचा, कुठला, हे विचारायचं नसतं.

कायद्याचं म्हणाल तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराला मारणं आणि वाऱ्यावर सोडणं, दोन्ही गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज धड मिसळ येत नाही.

त्या घरात तीन स्मार्टफोन होते. एक जुना फोन दारासमोर टेकवून रेकॉर्डिंग चालू ठेवलं असतं, तरी पहिल्या अर्ध्या तासात सगळं दिसलं असतं. कंटाळलेलं कुत्रं बऱ्याचदा आधी झोपतं, मग चप्पल शोधतं. एकटेपणाला घाबरणारं कुत्रं तुम्ही जिना उतरायच्या आधीच दाराशी झगडायला लागतं. मी सॉफ्टवेअरवाला, लॉग न बघता बग फिक्स करणाऱ्याला आम्ही ऑफिसात हसतो. इथे तर लोक लॉग न बघता थेट बडवतात.

आता आवाज. इथे माझे अर्धे मित्र दुखावणार, त्याला इलाज नाही. घराजवळचा नियम दिवसा 55 डेसिबल, रात्री 45 असा आहे, आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सणांसाठी वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. विसर्जनाच्या दिवशी महाद्वार रोडवर हे आकडे कुणाला सांगा बघू. फटाक्यांनाही चार मीटरवर 125 डेसिबलची मर्यादा आहे. पण शाहू स्टेडियमवर मॅच जिंकली की पेठेत माळ लागते, तेव्हा चार मीटर मोजायला कोण थांबतो? नाद खुळा म्हणतो आपण. नाद आपला, खुळं होतं ते दुसरंच कुणीतरी, पलंगाखाली.

आणि ते 'एका दिवसाचं' नसतं. 1924 च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला, तेव्हा पावलॉवच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यात अडकली आणि बुडता बुडता वाचली. नंतर काही कुत्र्यांचं शिकलेलं सगळं विस्कटलं. पुढे महिन्यांनी एक कुत्रं सावरलं म्हणेपर्यंत दाराखालून थोडं पाणी आत सोडलं, आणि ते पुन्हा कोसळलं. 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे समजवायची गरज नाही. पाऊस वाढला की रात्री उठून पाण्याची पातळी बघणारी माणसं आपल्याच घरांत आहेत.

उपाय आहेत, हीच तर चीड आणणारी गोष्ट. अमेरिकेत एकटेपणाच्या भीतीवर फ्लुऑक्सेटिन कुत्र्यांसाठी 2007 पासून मंजूर आहे. माणसांना नैराश्यावर देतात तेच औषध. आवाजाच्या भीतीवर हिरडीला लावायची जेल 2015 मध्ये मंजूर झाली. आपल्याकडे मात्र दिवाळीच्या तोंडावर मागणी एकच: "डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या." ॲसेप्रोमाझिनसारखं औषध अंग सुस्त करतं, पण भीती तशीच राहते. पळता न येणारं घाबरलेलं कुत्रं बाहेरून शांत दिसतं, आणि आपल्याला तेवढंच पुरतं.

गोळीबरोबर सवय लावावी लागते. फटाक्याचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक, सोबत आवडीचा तुकडा, आणि कुत्रं निवांत असेल तरच आवाज किंचित वर. घाबरलेल्याला जवळ घेतलं तर भीती वाढते, हे खोटं आहे. घ्या जवळ. माझी गावठी कुत्री औषध सुरू झाल्यावर पाचव्या आठवड्यात पहिल्यांदा कुकरच्या शिट्टीला झोपून राहिली. आई म्हणाली, "आजारी आहे का गं ही?"

"माणसांना मानसोपचार मिळेना, कुत्र्यांचं काय घेऊन बसलास?" असंही ऐकवतात. पण ज्या घरात आजीच्या धडधडीला 'वय झालं' आणि बारावीच्या पोराच्या न झोपण्याला 'नाटकं' म्हणतात, त्याच घरात कुत्र्याला 'माज' म्हणतात. तोंड तेच, शब्द तेवढे बदलतात.

फ्लुऑक्सेटिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे गणपतीसाठी डॉक्टरांकडे आषाढातच जायला हवं, आणि फोनमध्ये तो व्हिडिओ घेऊन. डोस डॉक्टरच ठरवतील. घरातली माणसाची गोळी अर्धी करून देऊ नका.