शब्दविचार : ‘अँक्शस’

बिद्री (ता. कागल, जि. कोल्हापूर) येथील एका वाचक भगिनींचें पत्र या खेपेस आम्हीं मुद्दाम विचारास घेतलें आहे. त्यांच्या कन्येच्या विवाहाचें बोलणें चालू आहे. मुलगा अमेरिकेंत वाढलेला. मराठी बोलतो चांगलें, पण लिहिण्याची संवय इंग्रजीची. त्याच्या पत्रांत ‘माझे आईवडील तुम्हां सर्वांस भेटण्यास अँक्शस आहेत’ अशा अर्थाचें वाक्य आलें. घरांतील वडील मंडळींनीं कोश उघडला, त्यांत ‘चिंताक्रांत’ हा अर्थ प्रथम मिळाला, आणि मुलाकडील मंडळींच्या मनांत कांहीं किंतु आहे असें समजून उत्तर धाडणें तीन आठवडे लांबणीवर पडलें. ‘आम्हीं काय समजावें?’ असें या भगिनी विचारतात.

किंतु मुळींच नाहीं. त्या मंडळींस भेटीची ओढ लागली आहे, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. हा अंक हातीं पडण्यापूर्वींच उत्तर गेलें असेल अशी आम्हांस आशा आहे. नसल्यास त्याच दिवशीं धाडावें.

मात्र कोश खोटें बोलला असें नाहीं. शब्द मूळचा लॅटिन. गळा आवळणें, घुसमटविणें या अर्थाच्या धातूपासून तो निघाला. हृदयाला रक्त कमी पडून छातींत कळ येते त्या विकाराचें ‘अंजायना’ हें नांव आणि जर्मनांचा ‘आंग्स्ट’ म्हणजे भय, हे त्याचेच भाऊबंद. वेदांतील ‘अंहस्’ म्हणजे संकट किंवा पाप, व ‘अंहु’ म्हणजे अरुंद, हे शब्दहि भाषाशास्त्रज्ञ याच कुळांत घालतात. चिंतेनें जीव जणूं चिंचोळ्या जागेंत सांपडतो, ही कल्पना किती जुनी आहे पाहा.

मग त्यांतून उत्सुकता कशी निघाली? इंग्रजींत हा दुसरा अर्थ अठराव्या शतकापासून रूढ आहे. विसाव्या शतकांत कांहीं काटेकोर पंडितांनीं त्यावर पुष्कळ आक्षेप घेतले, पण व्यवहारानें त्यांस जुमानलें नाहीं. आम्हांस त्यांत नवल वाटत नाहीं, कारण आपल्याकडेहि हेंच घडलें आहे. ‘आतुर’ म्हणजे संस्कृतांत रोगी, पीडित. अंतकाळीं घेतात तो ‘आतुरसंन्यास’ वाचकांच्या ऐकण्यांत असेलच. तोच शब्द मराठींत आला आणि ‘माहेरच्या भेटीस आतुर’ असा गोड झाला! ‘उत्कंठा’ या शब्दांतहि कंठ आहेच. इंग्रजांचा गळा आवळला जातो, आपली मान उंचावते, इतकाच फरक.

अर्थ ओळखण्याची खूण शब्दाच्या पुढें पाहावी. पुढें ‘अबाउट’ आला तर काळजी. ‘टु’ येऊन क्रियापद आलें तर ओढ. ‘फॉर’ मात्र फसवा आहे : माणसासाठीं आला तर बहुधा काळजी, बातमीसारख्या वस्तूसाठीं आला तर उत्कंठा. ‘अँग्झायटी’ हें नाम (यांत ‘क्श’ नव्हे, ‘ग्झ’ उच्चारावा) मुख्यतः काळजीकडेच राहिलें, आणि आतां तर तें डॉक्टरांच्या कागदावर अधिक दिसतें.

दोन्ही अर्थ एकाच वेळीं नांदतात अशीहि जागा आहे, व ती या भगिनींच्या गांवींच सांपडेल. बिद्री म्हणजे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्याचें गांव. भोंवतीं सारा ऊसाचा मुलूख. फेब्रुवारी उजाडला, ऊसाला तुरा आला, शेजाऱ्याची तोड झाली, आणि आपल्या फडाकडे टोळी फिरकत नाहीं. उभ्या ऊसाचें वजन घटेल ही धास्ती. टोळी आज येते कीं उद्यां म्हणून डोळे रस्त्याकडे. अशा शेतकऱ्याला इंग्रजींत ‘अँक्शस’च म्हणावें, दुसरा शब्द तेथें पुरा पडणार नाहीं. मराठींत त्याचा जीव टांगणीला लागलेला असतो.

जेथें काळजीचा लवलेश नाहीं तेथें मात्र ‘ईगर’ लिहावें. नोकरीच्या अर्जांत ‘मी रुजूं होण्यास अँक्शस आहें’ असें लिहिलेलें आमच्या पाहण्यांत येतें. वाक्य अशुद्ध नाहीं, परंतु वाचणाऱ्या साहेबास उमेदवार घाबरला आहे असें वाटण्याचा संभव आहे.