बँडमधला इतिहास

इतिहासाची आवड असलेल्या नववी-दहावीच्या मुलाने शाळेच्या बँडमध्ये वेळ घालवावा का? आमचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे, कारण बँड स्वतःच इतिहासाचा पुरावा आहे. २६ जानेवारीच्या संचलनातला साइड ड्रम, बिगुल आणि पावलांची ती शिस्त ब्रिटिश लष्करी छावण्यांतून आपल्याकडे आली. आज त्याच तालावर प्रजासत्ताकाच्या ध्वजाला सलामी दिली जाते. हे कसे घडले, हा प्रश्न वाजवणाऱ्या मुलाला पडायला हवा. त्यातून हे मूल आपल्या वाशिमचे असेल, तर ते वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेच्या वत्सगुल्माचे. त्या शाखेचा राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ साली इथेच सापडला. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे खोदवले, आणि तिथल्याच पहिल्या लेण्यात नर्तकीभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया रंगवलेल्या आहेत. वाद्यवृंद आपल्याला परका कधीच नव्हता.

दहावीच्या वर्षी सराव परवडत नाही, हा पालकांचा आक्षेप रास्त आहे. प्रजासत्ताक दिनानंतर सराव खुशाल थांबवावा. पण इतिहास केवळ गुणांसाठी वाचायचा, हे आम्हाला मान्य नाही. जिल्ह्यातल्या शाळांनी बँडच्या मुलांना एकदा तरी अजिंठ्याला न्यावे.