शाळा उदंड, वाट अरुंद

दहावी-बारावीचे निकाल लागले की कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांतून एकच चिंता ऐकू येते : मुलांना आता घालायचे कोठे? वास्तविक या नगरीत शिक्षणसंस्थांची वानवा आहे असे कोणी म्हणणार नाही. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय १९७२ पासून उभे आहे. डोंबिवलीस पेंढरकर महाविद्यालय आहे. राज्य मंडळाच्या मराठी शाळांपासून केंद्रीय मंडळाच्या इंग्रजी शाळांपर्यंत सर्व प्रकार येथे नांदत आहेत. तथापि पर्याय फलकावर असणे निराळे आणि तो सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात असणे निराळे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाची हमी दिली व खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल घटकांसाठी पंचवीस टक्के जागा राखल्या. परंतु ही हमी आठवीपाशी संपते. मुलाची बुद्धी जेथे खऱ्या अर्थाने आकार घेऊ लागते, नेमके तेथेच सरकार त्याचा हात सोडते! पुढे अनुदानित तुकडीत जागा मिळाली तर ठीक. अन्यथा विनाअनुदानित वर्गाची फी भरावयाची. नवे, रोजगाराभिमुख म्हणविणारे अभ्यासक्रम तर बहुतांशी स्वयंअर्थसहाय्यितच असतात. म्हणजे गुणवत्ता विद्यार्थ्याची आणि कसोटी बापाच्या खिशाची, असा हा न्याय आहे.

ज्याला हे परवडत नाही, किंवा ज्याला हवा तो विषय येथे मिळत नाही, तो माटुंग्याची अथवा चर्चगेटची वाट धरतो. कल्याण मुंबईच्या टोकापासून सुमारे चौपन्न किलोमीटर. सकाळची लोकल म्हणजे काय प्रकार आहे हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गाडीतून पडून प्रवाशांनी प्राण गमावले, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. या प्रवासाच्या धास्तीने किती मुलींचे शिक्षण घरच्याघरी आखडते घेतले जाते, याची नोंद कोणत्याही दप्तरी होत नाही. ज्यांचे माहेर कल्याणचे, त्या आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी सातासमुद्रांपलीकडे गेल्या. त्यांच्या गावच्या मुलींना दादर दूर वाटावे, हा दोष मुलींचा खचित नव्हे.

‘सरकारने सर्वच का करावे?’ असा प्रश्न विचारला जाईल. खाजगी संस्थांनी या नगरीत केलेले कार्य आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. पण संस्थेला जमाखर्चाचा मेळ घालावाच लागतो. जो फी भरू शकत नाही त्याचा विचार करणे हे अखेर शासनाचेच कर्तव्य होय.

म्हणून आमचे मागणे मोजके आहे. मुंबई महापालिका माध्यमिक शाळा चालविते. १९८३ साली स्थापन झालेल्या आमच्या महापालिकेनेही आपल्या शाळांतून दहावीपर्यंतचे शिक्षण देण्याचे कर्तव्य पुरतेपणी पत्करावे. विकास आराखड्यात शिक्षणासाठी राखलेल्या जागा शिक्षणासाठीच वापराव्यात. मुंबई विद्यापीठाने कल्याणच्या उपकेंद्रात तंत्रविद्येबरोबर कला, विज्ञान व वाणिज्य यांचेही पदव्युत्तर अध्यापन सुरू करावे. अनुदानित तुकड्या घटणार नाहीत, याची ग्वाही सरकारने द्यावी.

२०११ च्या जनगणनेतच सुमारे साडेबारा लाख वस्ती असलेल्या नगरीने इतके मागणे हा हट्ट नव्हे. निवडणुकीच्या वेळी मते मागावयास येणाऱ्यांना नागरिकांनी रस्ते आणि पाणी यांच्या बरोबरीने हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावा.