उघडून पाहू या : दादासाहेबांच्या गाडीतलं घड्याळ

दोस्तांनो, आमच्या गल्लीत दादासाहेबांची शेवरोले माहीत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. १९५१ सालची गाडी! तेव्हा जनरल मोटर्सचा कारखाना आपल्या मुंबईत, शिवडीला होता. १९२८ साली सुरू झाला, १९५४ साली बंद पडला. परदेशातून सुटे भाग बोटीने यायचे आणि गाडी इथे जोडली जायची. ही त्यातलीच एक.

गाडी अजून झोकात चालते. डॅशबोर्डवरचं घड्याळ मात्र कित्येक वर्षं सव्वाचारलाच अडलेलं. गेल्या मे महिन्यात दादासाहेब मला म्हणाले, "वडिलांनी गाडी आणली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो रे. मागच्या सीटवर बसून घड्याळाचं टक् ऐकत राहायचो. तेवढं परत ऐकवशील का?"

माझ्या पोटात गोळाच आला. कारण असंच एक घड्याळ पूर्वी माझ्या हातून मेलं होतं! कसं, ते सांगतोच.

आधी हे टक् काय प्रकरण आहे ते पाहू. या घड्याळाला आपण विजेचं म्हणतो, पण आत असतं साधं स्प्रिंगचं घड्याळ. वीज फक्त किल्ली देते! स्प्रिंग अगदी छोटी, दीड-दोन मिनिटांत सैल पडते. ती सैल पडली की दोन कॉन्टॅक्ट पॉइंट एकमेकांना टेकतात, कॉइलमधून वीज धावते, तिचं लोहचुंबक होतं आणि ते एका दांडीला फटका मारतं. टक्! स्प्रिंग पुन्हा ताणली जाते, पॉइंट सुटतात, वीज बंद. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. १९५८ साली रोल्स-रॉईसची एक जाहिरात फार गाजली होती. ताशी ६० मैलांच्या वेगातही या गाडीत सगळ्यात मोठा आवाज घड्याळाचा, असं तीत म्हटलं होतं. बहुतेकांना ती कौतुकाची वाटली. घड्याळ बनवणाऱ्याला काय वाटलं असेल कोण जाणे!

आता खरी मेख. गाडी महिनोन् महिने उभी राहिली की बॅटरी उतरते. घड्याळ मात्र वीज मागतच राहतं. उतरलेल्या बॅटरीचा फटका कमजोर पडतो, दांडी पुरती उडत नाही आणि पॉइंट टेकलेलेच राहतात. मग कॉइलमधून वीज वाहतच राहते, कॉइल तापते आणि शेवटी जळते. आतलं तेल वाळून चिकट झालं तरी हेच होतं. माझ्या त्या पहिल्या घड्याळात तेलाचा डिंक झाला होता. मी ते न उघडताच 'चालतंय का बघू' म्हणून थेट बॅटरीला जोडलं. मिनिटभरात धूर! तशी कॉइल पुन्हा मिळाली नाही.

त्यामुळे या वेळी माझा भाचा अनिकेत (सातवीत आहे, हात फार शिवशिवतात) वायरी घेऊन धावत आला, तेव्हा मी त्याला दारातच अडवलं.

"मामा, एकदाच लावून बघू ना!"

"एकदाच लावलं म्हणूनच गेलं होतं ते!"

एका दुकानदाराने सोपा उपाय सांगितला होता. आतलं सगळं काढून टाका, क्वार्ट्झचं यंत्र बसवा, अर्ध्या तासाचं काम. बरेच जण तसं करतात आणि वेळही अचूक मिळते. पण क्वार्ट्झ टक् करत नाही. दादासाहेबांना वेळ बघायची नव्हतीच, त्यांच्या मनगटावर घड्याळ आहे.

शेवटी आम्ही ओळखीच्या म्हाताऱ्या घड्याळजींकडे गेलो. त्यांनी पहिल्यांदा काय पाहिलं असेल? आकडे अंधारात चमकणाऱ्या रंगाचे आहेत का, ते! जुन्या चमकत्या रंगात रेडियम असू शकतं. तसं घड्याळ घरी मुळीच उघडायचं नाही, बरं का. आमच्या घड्याळाचा रंग साधा होता. मग त्यांनी काचेभोवतीची पत्र्याची कड इंच-इंच उचलली, तबकडीवर कागद ठेवून काटे अलगद काढले आणि यंत्र बाहेर घेतलं. अनिकेतने मल्टिमीटर लावला. घड्याळाच्या दोन टोकांमध्ये वीज जातच नव्हती. त्याचा चेहरा पडला. माझाही.

घड्याळजी मात्र भिंगातून बघत हसले. "कॉइल नाही गेली, फ्यूज सुटलाय!" एक बारीक पट्टी सोल्डरच्या थेंबाने चिकटवलेली होती. कॉइल तापायला लागली तसा थेंब वितळला आणि पट्टी उडून बाजूला झाली. स्वतः सुटून तिने कॉइल वाचवली होती. थेट कॉइलला मल्टिमीटर लावला, तर कॉइल ठणठणीत!

पट्टी पुन्हा चिकटवायची तर साधं सोल्डर चालत नाही. ते वितळायला १८० अंशांच्या वर तापमान लागतं. तोवर कॉइल कुठली राहायला? कमी उष्णतेला वितळणारं सोल्डर शोधण्यात आमचे तीन दिवस गेले. दरम्यान घड्याळजींनी यंत्र पेट्रोलमध्ये धुतलं (हे काम मोठ्यांचंच, तेही उघड्या हवेत), पॉइंटवरची काजळी बारीक पॉलिश पेपरने काढली आणि चाकांच्या टोकांना सुईच्या अग्राने तेल लावलं. पॉइंटला तेलाचा थेंबही नाही.

मग सहा व्होल्टची बॅटरी लावली. शेवरोलेच्या गाड्या १९५४ पर्यंत सहा व्होल्टच्या असत. १२ व्होल्टची लावली असती, तर पुन्हा धूरच! वायर टेकवली ती अनिकेतने. टक्. बॅलन्सचं चाक फिरायला लागलं. दोन मिनिटं कोणी बोललं नाही. पुन्हा टक्.

रविवारी ते गाडीत बसवलं. दादासाहेब मागच्या सीटवर जाऊन बसले आणि म्हणाले, "इंजिन चालू करू नका हं, थांबा जरा."

बॅटरी तोडायचा एक खटकाही आम्ही बसवलाय. गाडी उभी केली की तो बंद करायचा. अर्थात घड्याळही बंद पडतं. म्हणून दर रविवारी सकाळी अनिकेत जातो, खटका चालू करतो आणि काटे जुळवतो. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. दादासाहेबांची त्याबद्दल अजून तक्रार आलेली नाही.