खेळणाऱ्यांनी विचारलेले प्रश्न

‘स्टीम डेक’, ‘ॲलाय’, ‘हँडहेल्ड’ हे शब्द हल्ली आठवी-नववीच्या मुलांच्या तोंडी मधल्या सुट्टीत फार असतात. दोन हातांत धरून खेळता येईल एवढा लहान, पण आतून पुरता संगणक, असा हा प्रकार आहे. काही पालकांनी आमच्याकडे लेखी तक्रार केली आहे, की मुले सत्तर हजारांच्या एका खेळण्यावर तास-तास वाद घालतात, संगणकाच्या तासालाही तोच विषय काढतात, तेव्हा शाळेने या बोलण्याला बंदी करावी. पालकांची काळजी खोटी नाही. तरीही अशा बंदीला आमचा विरोध आहे, आणि त्याचे कारण त्या यंत्रात नसून त्या वादात आहे.

त्यासाठी मूळ प्रसंग सांगायला हवा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बेलव्ह्यू नावाचे शहर आहे. तेथील व्हॉल्व ही कंपनी २००३ सालापासून ‘स्टीम’ या नावाने संगणकावरच्या खेळांचे दुकान इंटरनेटवर चालवते. १५ जुलै २०२१ रोजी तिने ‘स्टीम डेक’ जाहीर केले. सात इंची पडदा, दोन्ही बाजूंना अंगठ्याने फिरवायच्या लहान दांड्या आणि बटणे, वजन ६६९ ग्रॅम. किंमत ३९९ डॉलरपासून पुढे, म्हणजे तेव्हाच्या दराने तीस हजार रुपयांच्या आसपास. नऊच दिवस आधी जपानच्या निन्टेन्डो कंपनीने आपल्या ‘स्विच’ या यंत्राची नवी आवृत्ती जाहीर केली होती. तिचा पडदा चांगला होता, पण आतली ताकद जुनीच, म्हणून बरेच खेळाडू हिरमुसले होते. त्या पार्श्वभूमीवर डेकचे स्वागत दणक्यात झाले. दुसऱ्या दिवशी पाच डॉलर भरून आगाऊ नोंदणी सुरू झाली, तेव्हा गर्दीपुढे दुकानाची यंत्रणाच अडखळली.

आनंदाचे मुख्य कारण साधे होते. ज्यांनी वर्षानुवर्षे एकेक खेळ विकत घेऊन संग्रह केला होता, त्यांना तोच संग्रह या यंत्रावर पुन्हा पैसे न भरता मिळणार होता. नवा डबा आणला म्हणून कोणी धान्य पुन्हा विकत घेत नाही. पण खेळांच्या धंद्यात हे अनेकदा घ्यावे लागत असे.

खरी गंमत यापुढे आहे. टाळ्या संपायच्या आतच प्रश्न सुरू झाले.

कंपनी म्हणाली, बॅटरी दोन ते आठ तास चालेल. आपण मोठ्यांनी यातले ‘आठ तास’ लक्षात ठेवले असते. खेळणाऱ्यांनी पहिला आकडा धरला. बॅटरी ४० वॅट-तासांची. यंत्र २० वॅट ओढत असेल तर चाळीस भागिले वीस, दोन तास. पाच वॅट ओढत असेल तर आठ तास. म्हणजे आठ तास हे अगदी हलक्या कामाला, आणि ज्या भारी खेळासाठी माणूस हे यंत्र घेणार, त्या खेळाला दोनच! हे गणित आपल्या दहावीच्या विज्ञानात विद्युतशक्तीच्या धड्यात आहे. वॅट म्हणजे काय आणि विजेचे युनिट म्हणजे काय, हे मुले परीक्षेपुरते घोकतात आणि पेपर देऊन आले की विसरतात. इथे कोणी न सांगता जगभरच्या पोरांनी तो धडा वापरला. कंपनीच्या अभियंत्याने मुलाखतीत सांगितले, की ‘पोर्टल २’ हा खेळ चार तास चालेल, आणि चित्रांचा वेग सेकंदाला ३० वर बांधून ठेवला तर पाच-सहा तास. हा खेळ २०११ सालचा, म्हणजे दहा वर्षे जुना होता, हे ध्यानात घ्यावे. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती आली तेव्हा तिची बॅटरी ५० वॅट-तासांची होती आणि दावा तीन ते बारा तासांचा. तक्रारींचा परिणाम म्हणा किंवा तंत्र पुढे गेले म्हणा.

पडद्याबद्दलही कुरबुर झाली, पण ती थोडक्यात मिटली. १२८० गुणिले ८००, म्हणजे सुमारे १० लाख २४ हजार ठिपके. घरच्या साध्या टीव्हीवर याच्या दुप्पट असतात. काहींनी नाक मुरडले. जाणत्यांनी सांगितले, की सात इंचांवर डोळ्याला फरक फारसा कळत नाही आणि ठिपके निम्मे म्हणजे यंत्रावरचा बोजाही कमी.

सर्वांत स्वस्त मॉडेलची साठवण ६४ जीबी, तीही मंद प्रकारची. आजचे काही खेळ एकेकटे शंभर जीबीच्या पुढे जातात. वेगळे मेमरी कार्ड घालण्याची सोय होती, पण मुद्दा मुलांनी अचूक पकडला: ३९९ डॉलर ही दुकानाच्या दारावरची पाटी होती, कामाचे यंत्र ५२९ किंवा ६४९ डॉलरला होते. आपल्याकडे साड्यांच्या सेलमध्ये ‘९९ रुपयांपासून’ अशी पाटी लागते, त्यातल्या ‘पासून’ या शब्दाला गृहिणी फसत नाहीत. संगणक घेताना मात्र घरची शहाणी माणसेही फसतात.

सर्वांत खोल प्रश्न निघाला तो यंत्राच्या भाषेचा. बहुतेक खेळ मायक्रोसॉफ्टच्या विंडोजसाठी लिहिलेले असतात. डेकवर विंडोज नाही. त्यावर लिनक्सवर आधारलेली प्रणाली आहे आणि ‘प्रोटॉन’ नावाचा दुभाषी मध्ये बसून खेळाचे बोलणे लिनक्सला समजावून सांगतो. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि कचेरीत हिंदी बोलणाऱ्या आपल्या इंदूरकर कुटुंबांना दुभाष्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण दुभाष्याला सगळीकडे आत घेत नाहीत. अनेक जण मिळून खेळायच्या खेळांत लबाडी पकडणारा एक पहारेकरी असतो, आणि त्याला हा मधला माणूस संशयास्पद वाटतो. खेळणाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारले: आमचे हे खेळ चालणार का? कंपनी म्हणाली, पहारेकरी बनवणाऱ्यांशी बोलणी चालू आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये अशा दोन प्रमुख व्यवस्थांनी लिनक्सला वाट करून दिली खरी, पण ती वाट उघडायची की नाही हे प्रत्येक खेळाच्या मालकावर राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फोर्टनाइट’च्या मालकांनी नकार दिला. ‘डेस्टिनी २’च्या मालकांनीही नकार दिला आणि कोणी आडवाटेने शिरला तर खाते बंद करू असे बजावले. ज्यांनी आधी विचारले ते निराश झाले, पण फसले नाहीत.

दुरुस्तीचा प्रश्नही असाच. ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीने स्वतःच एक चित्रफीत काढली. तीत यंत्र उघडून दांडी आणि साठवणीचा भाग कसा बदलायचा ते दाखवले, आणि पदोपदी ‘तुम्ही हे करू नका’ असेही सांगितले! लोक हसले, पण खूशही झाले. पुढच्या वर्षी आयफिक्सिट या कंपनीमार्फत सुटे भाग विक्रीला आले. पंख्याच्या किरकिरीने वैतागलेल्यांनी पंखे मागवून घरीच बदलले.

आता दुसरी बाजू, कारण मुलांची बाजू घेतो म्हणून त्यांना डोक्यावर बसवण्याचा आमचा विचार नाही. एवढे प्रश्न विचारणाऱ्या याच मंडळींनी यंत्राला हातही न लावता पहिल्याच दिवशी पाच-पाच डॉलर भरले. याच कंपनीच्या नावाने २०१५ साली दिवाणखान्यात ठेवायचे संगणक निघाले होते आणि ते साफ पडले, याची आठवण करून देणारे तेव्हाही होते. त्यांचे कोणी ऐकले नाही. डिसेंबर २०२१ चा वायदा पुढे फेब्रुवारी २०२२ वर गेला. शिवाय एकदा एका कंपनीचा झेंडा खांद्यावर घेतला, की दुसरीत काही चांगले असू शकते हेच मान्य करायचे नाही, हा क्रिकेटच्या गटबाजीसारखा रोग यांनाही आहे. ‘आसुस’ कंपनीने १ एप्रिल २०२३ रोजी ‘रॉग ॲलाय’ जाहीर केले, तेव्हा अनेकांना ती एप्रिल फूलची थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. त्याच वर्षी ते भारतात ६९,९९० रुपयांना विक्रीला आले, आणि आपल्या मुलांच्या बोलण्यातला सत्तर हजारांचा आकडा तिथूनच आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच घराण्यातले जे थोरले यंत्र निघाले, त्याची अमेरिकेतली किंमत ९९९.९९ डॉलर होती. तेव्हा खुद्द खेळणाऱ्यांनीच कपाळाला हात लावला.

पालकांसाठी आमचे मत स्पष्ट आहे. शाळकरी मुलाला हे यंत्र घेऊन देऊ नये. मुले म्हणतील, ‘हा संगणकच आहे, कळफलक आणि पडदा जोडला की अभ्यासही होतो.’ हे म्हणणे खरे आहे, म्हणूनच त्याला उत्तर द्यावे लागते: त्या पैशात चांगला लॅपटॉप येतो, त्यावर घरातल्या चौघांची कामे होतात आणि सात इंचांवर डोळे ताणावे लागत नाहीत. नाते‍वाइकांकडून परदेशातून मागवण्याचा बेत असेल, तर तिथली वॉरंटी इथे चालते का, हा प्रश्न आधी विचारावा. जेल रोडवर मोबाईल घेताना आपण ‘पक्के बिल देणार ना?’ असे विचारतोच की.

पण नाही म्हणताना बोलणेच बंद करू नका. ‘त्यातले तुला काय कळते?’ या वाक्याने मूल गप्प होते. मग ते काय घेते, कुठून घेते हे आपल्याला कळत नाही.

आता विश्वस्त मंडळाकडे वळतो, कारण हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आपल्या संगणक कक्षासाठी वीस नवी यंत्रे घ्यायची आहेत. त्यासाठीची रक्कम माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून उभी राहिली आहे. त्यात निवृत्त शिक्षकांनी पेन्शनमधून दिलेले पैसेही आहेत. आम्ही पाहिलेल्या कोटेशनच्या नमुन्यात यंत्राचा दर, एकूण रक्कम आणि ‘लेटेस्ट कॉन्फिगरेशन’ एवढाच मजकूर आहे. मधल्या सुट्टीत ज्यांना आपण ‘गेमच्या गप्पा’ म्हणतो, त्या गप्पांमधला कोणताही नववीचा मुलगा किंवा मुलगी हा कागद दोन मिनिटांत परत करील. साठवण कोणत्या प्रकारची? मेमरी पुढे वाढवता येते, की कायमची चिकटवलेली आहे? वीज गेली तर किती वॅटचा बोजा किती मिनिटे पेलणार? आपल्याकडची मराठी टंकलेखनाची जुनी प्रणाली नव्या यंत्रावर चालणार का? झाकण उघडले तर वॉरंटी जाते का? पंखा बिघडला तर सुटा मिळतो, की सबंध यंत्र महिनाभर दुकानात पडून राहते? आज कक्षात चार यंत्रे आच्छादन घालून ठेवलेली आहेत. त्यांतल्या दोन यंत्रांचे फक्त पंखे गेले आहेत, असे ती उघडून पाहणाऱ्या मुलांनीच आम्हांला सांगितले.

म्हणून आमची सूचना अशी, की खरेदी समितीत नववी आणि दहावीतून प्रत्येकी दोन विद्यार्थी बसवावेत, त्यांत निदान एक मुलगी असावी. मताचा अधिकार त्यांना नको, प्रश्नांचा द्यावा. आणि विक्रेत्याने त्यांच्या प्रश्नांची उत्तरे लेखी दिल्याशिवाय कोटेशन पुढे सरकू नये. मुलांसमोर पैशांच्या गोष्टी नकोत, असा आक्षेप एका ज्येष्ठ सभासदांनी आमच्यापाशी घेतला. आम्हांला तो पटत नाही. यंत्रे मुलांसाठी आहेत, आणि चार वर्षे ती त्यांच्या धाकट्या भावंडांना वापरायची आहेत.

पाकिटे उघडायची आहेत ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. तोवर इच्छुक विद्यार्थ्यांनी आपले प्रश्न फुलस्केप कागदावर, मराठीत आणि सुवाच्य अक्षरात लिहून कार्यालयात द्यावेत. संगणक कक्षातल्या यंत्रांवर फोर्टनाइट चालेल का, हा प्रश्न वगळला तरी चालेल.